त्रेचाळीस चकत्या

लिफ्ट बंद पडली की लोक ज्याला फोन करतात, तो हा माणूस. अडकलेल्यांना आधी दाराबाहेरून "घाबरू नका, मी आलोय" असं सांगायचं आणि मग शांतपणे बिघाड शोधायचा, हे त्याचं वीस वर्षांचं काम. बिघाड असतो आणि शोधला की सापडतोच, अशी त्याची ठाम समजूत होती. बायकोच्या डोक्यातली नस फुटली त्या मंगळवारपर्यंत.

ठकी बाथरूमच्या दारात पडली. ठकी हे तिच्या आईने ठेवलेलं लाडाचं नाव. चाळिशी आली तरी ते काही सुटलं नव्हतं. ऑपरेशन झालं, आणि नंतर डॉक्टरांनी तिला औषधं देऊन झोपवूनच ठेवलं. "कधी उठेल?" याचं उत्तर रोज एकच असायचं, "बघू या." भेटायची वेळ सकाळी दहाला वीस मिनिटं आणि संध्याकाळी सहाला वीस मिनिटं. आत एका वेळी एकच माणूस.

सासूबाई आपल्या घराला कुलूप लावून एक बॅग घेऊन आल्या. त्यांचं सगळं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेलं. जावयाशी भांडण नव्हतं, पण सूतही कधी जमलं नव्हतं. बारा वर्षांत दोघांमध्ये "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" याच्या पलीकडे बोलणं गेलं नव्हतं. आता दोघं वीस मिनिटांतली दहा-दहा वाटून घेत आणि बसने घरी येत. मग संध्याकाळपर्यंतचा वेळ अंगावर यायचा.

सहाव्या दुपारी जावयाला बसवेना. तो ठकीच्या टेबलापाशी गेला. तिला एका भुताखेतांच्या खेळाचं वेड होतं. पुठ्ठ्याचा मोठा पट, त्यावर पाण्याखाली गेलेलं एक गाव, बुडालेली माणसं वर येतायत आणि तुम्ही चार-पाच जणांनी मिळून त्यांच्या तावडीतून सुटायचं. दर शुक्रवारी तिची मित्रमंडळी जमून खेळायची. सोंगट्या म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या, त्या ती स्वतः रंगवायची. नव्या पटावर सोंगटी ठेवायची घरं गोल निघाली आणि बाहुल्यांचे जुने तळ होते चौकोनी. म्हणून तिने बारीक करवतीने सगळ्यांना तळापासून सोडवलं होतं. नव्या गोल चकत्यांवर त्या बसवायच्या, चकतीवर वाळू नि चिखल करायचा आणि रंगाचा शेवटचा हात द्यायचा. इतकं राहिलं होतं. त्रेचाळीस बाहुल्या ट्रेमध्ये आडव्या पडल्या होत्या, काही रंगवलेल्या, काही नुसत्या राखाडी.

त्या आडव्या पडलेल्या त्याला बघवेनात. त्याने सुपरग्लूची नळी उघडली.

पहिली बाहुली वाकडी चिकटली. दुसरीसोबत त्याचं बोटही चिकटलं. ते सोडवताना तोंडातून शिवी निघाली, तशा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"जावईबापू, हे काय चाललंय?"

"काही नाही आई. तिचं राहिलं होतं, म्हटलं आपण..."

सासूबाईंनी टेबलाकडे पाहिलं. पोट फाटलेला एक बुडालेला माणूस, त्याच्या बरगड्यांतून मासे डोकावतायत. "ही भुतं!" त्या म्हणाल्या. "सोन्यासारखे डोळे फोडून घ्यायची या भुतांपायी. किती वेळा सांगितलं." आणि मग खुर्ची ओढून बसल्या. "आणि तुम्ही गोंद किती ओतताय? पाय बुडाले त्याचे."

तिथून रोजचाच क्रम लागला. जावई चिकटवायचा. हाताला पान्याची सवय, त्याला बाहुली धरायचा बारीक चिमटा म्हणजे खेळणं वाटायचा, पण दहा-बारा बाहुल्यांनंतर जमू लागलं. सासूबाईंनी चष्म्यावर भिंग धरून खेळाची नियमपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि पेन्सिलीने त्यात अकरा मुद्रणदोष काढले. मग त्यांनी ठकीची रंगांच्या नोंदींची वही हातात घेतली. ठकीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण ते त्यांनाच लागायचं. "सतरा नंबर. शेवाळी, ओला दिसला पाहिजे," त्या वाचायच्या. "अठराला लिहिलंय, हा नको इतका हिरवा. इतका म्हणजे कितका? काही कळेल असं लिहील तर शपथ."

माणसांच्या चकत्यांची कड मातकट करायची आणि भुतांची काळी, हे वहीत स्पष्ट होतं. पण कुठली माणसं आणि कुठली भुतं, यावर मात्र दोघांचं रोज वाजायचं.

"ही बाई माणूस आहे. तिच्या हातात कंदील आहे."

"कंदील भुतांच्याही हातात असतो, आई."

"तोंड बघा तिचं. घाबरलीय. भूत कशाला घाबरेल?"

ते जावयाला पटलं. त्याने कड मातकट केली. मग दोघंही उठले, कारण घड्याळात पाच वाजले होते आणि बस पकडायची होती.

आयसीयूत ठकीच्या तोंडात नळी होती, डोकं अर्धं भादरलेलं. जावई दहा मिनिटं तिचा हात धरून बसायचा. काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून सांगायचा, "आज सहा झाल्या. तो मासेवाला झाला. आईंनी वाळू लावली." यंत्रावरचा आकडा जरा हलला की त्याला वाटायचं, ऐकलं तिने. नर्स म्हणायची, "तो तसाच हलत असतो."

चौदा दिवसांत बेचाळीस झाल्या. त्रेचाळिसावीला गोंदाची वाफ धरली आणि काळ्या कोटावर पांढुरकी साय आली. ती काही केल्या जाईना. जावयाने घासली, पुसली, तेल लावलं, आणि मग कोपर टेबलावर टेकून हुंदके देऊन रडला. सासूबाई उठल्या, खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "राहू द्या. धुकं पडलंय म्हणू."

विसाव्या दिवशी ठकीने डोळे उघडले. चोविसाव्या दिवशी तिला साध्या वॉर्डात आणलं. उजवा हात लुळा होता, पण ती माणसं ओळखत होती. आईला बघून तिच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टर म्हणाले, बोलण्याच्या भागाला धक्का बसलाय, शब्द मागेपुढे होतील. जावयाला ते विशेष वाटलं नाही. शब्द काय, येतील.

दुसऱ्या दिवशी तो ट्रे घेऊनच गेला. लहान पोर प्रगतीपुस्तक दाखवतं तसा त्याने तो तिच्या मांडीवर ठेवला. ठकीने डाव्या हाताने एक बाहुली उचलली, उलटी केली, चकतीच्या कडेवर नख फिरवलं. मग दुसरी उचलली. तिच्या कपाळावर आठी आली.

"चमचा," ती म्हणाली.

जावयाने बाजूच्या कपाटावरचा चमचा दिला. तिने तो ढकलून दिला. "चमचा! चमचा ना!" आणि बाहुली त्याच्या नाकासमोर नाचवली.

"गोंद जास्त झालाय? रंग चुकला? वाळू नको होती?"

तिने सगळ्याला मान हलवली. आधी नाही, मग हो, मग पुन्हा नाही. त्याने तेच तीन प्रश्न उलट्या क्रमाने विचारले, तर उत्तरं भलतीच आली. शेवटी तिने ट्रेवर पालथा हात मारला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन भुतं खाटेखाली गेली. जावई गुडघ्यांवर बसून ती शोधत राहिला, बराच वेळ, सापडल्यानंतरही.

घरी आल्यावर सासूबाईंनी पदर खोचला. "कुठेतरी चूक आहे. ती उगाच चिडणार नाही." पुस्तिका, वही आणि त्रेचाळीस बाहुल्या समोर घेऊन त्या एकेक ताडून बघू लागल्या. दोन चुका निघाल्या. नऊ आणि एकतीसच्या चकत्यांची अदलाबदल झाली होती, आणि ती कंदीलवाली खरंच भूत होती. जावयाने त्या दोघांना सोडवून पुन्हा बसवलं, कंदीलवालीची कड काळी केली. दुसऱ्या दिवशी दोघं जरा हुशारीनेच वॉर्डात शिरले.

ठकीने कंदीलवाली उचलली, उलटी केली. "चमचा," ती म्हणाली. या वेळी ओरडून नाही. कोणी सारखं तेच तेच विचारल्यावर माणूस थकून सांगतो, तसं.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना जावयाने कॉरिडॉरमध्ये गाठलं. त्याने कागदावर लिहून आणलं होतं: कधी म्हणाली, किती वेळा, कुठल्या बाहुलीला. बाईंनी कागद वाचला आणि घडी करून परत दिला.

"तिच्या मनात बरोबर शब्द असतो. तोंडातून वेगळा येतो. आणि तो या बाहुल्यांबद्दलच असेल असंही नाही. कदाचित ती म्हणत असेल, पाठ दुखतेय. कदाचित म्हणत असेल, छान झाल्यात."

"छान झाल्यात?"

"मला खरंच माहीत नाही."

"सुधारेल पण?"

"सुधारतात माणसं. किती, ते आज कोणी सांगू शकणार नाही."

तो येऊन बाकावर बसला. सासूबाई तिथे ट्रे मांडीवर घेऊन होत्या. त्याने सगळं सांगितलं.

"मला वाटत होतं, तुम्हाला कळत असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज तिच्याजवळ बसायचात ती रंगवताना."

"मी मोबाईल बघत बसायचो, आई. मला वाटत होतं, तुम्हाला कळत असेल. तुम्ही तर..."

"हो. मी तर..." सासूबाई म्हणाल्या.

वॉर्डाचं दार उघडून नर्स बाहेर आली. "बावीस नंबरचे कोण? पेशंट कोणाला तरी बोलावतायत."

"कोणाला?" जावई उठला.

"नाव नाही कळत. पण सारखं बोलावतायत."

सासूबाईंनी ट्रे बाकावर ठेवला. आत कोणी जायचं, हे विचारायला दोघंही थांबले नाहीत.