मास्तरांपुढचा ग्लास

मालिनीताईंना रम आवडते, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती: मुलीला, म्हणजे नीरजाला, आणि नवऱ्याला, म्हणजे राजाभाऊंना. रत्नागिरीत ती तिसऱ्या कुणाला कळली असती तर ताईंनी विहीर जवळ केली असती.

आता रम म्हणजे किती, तर एक ग्लास. जावई बोटीवर अधिकारी. काही वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर नीरजा आईला घेऊन कॅरिबियन बेटं फिरून आली. राजाभाऊ गेले नाहीत, त्यांना बोट लागते. तिकडे बार्बाडोसच्या किनाऱ्यावर एका टपरीत कुणीतरी ताईंच्या हातात लालसर सरबत ठेवलं. लिंबू, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. आपल्या परसातल्या झाडाचा वास इतक्या लांब आलेला पाहून ताई हरखूनच गेल्या. अर्धा ग्लास झाल्यावर नीरजा म्हणाली, "आई, ही रम आहे गं." ताईंनी उरलेला अर्धा काही टाकून दिला नाही.

घरी आल्यावर त्यांनी हे राजाभाऊंना कानात सांगितलं, तेसुद्धा दार लावून. राजाभाऊ इतके हसले की ताईंना रेडिओ मोठा करावा लागला.

हसले, याचं नवल अशासाठी की राजाभाऊ म्हणजे आडव्या बाटलीचे मास्तर. गावातल्या बायकांनी ठरवलं तर दारूच्या दुकानावर मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हा माणूस एसटीने गावोगाव फिरून बायकांना आडवी बाटली समजावत होता. सध्या हातखंब्याजवळच्या एका वाडीचं काम चाललं होतं. तिथली येसूबाई मतदानाच्या मागणीसाठी सह्या गोळा करत हिंडत होती. तिचा मुलगा रितेश ऐन तिशीत दारूपायी गेला. मास्तर सांगतील ते तिला पटायचं, कारण मास्तर कधी कुणावर ओरडत नसत.

दिवाळीत दोघं मुंबईला नीरजाकडे गेली. नीरजाने आईसाठी तसला रम पंच शोधायचा ध्यासच घेतला. एका ठिकाणी संत्र्याच्या रसात रम ओतून वर कागदी छत्री खोचून दिली. दुसरीकडे नुसता साखरेचा पाक. ताई वास घेऊनच मान हलवायच्या. इकडे जन्मभर कोकमाचं आगळ अस्सल की भेसळीचं हे ओळखत आलेलं नाक, ते काय फसणार! शेवटी वांद्र्याच्या एका गल्लीत वेटरने समोरच जायफळ किसलं आणि ताईंचे डोळे चमकले. राजाभाऊही सोबत होते. त्यांनी लिंबूसोडा मागवला.

ताईंनी एक घोट घेतला. तेवढ्यात नीरजाने मोबाइल उचलला, "इकडे बघा!" आणि ताईंचा हात आपसूक पुढे झाला. फोटो म्हटलं की केस सारखे करावेत, पदर ओढावा, तसाच त्यांनी तो ग्लास राजाभाऊंच्या पुढ्यात सरकवला. लिंबूसोडा त्यांनी आधीच संपवून बाजूला ठेवला होता. फोटो निघाला.

नीरजाने तो घरच्या ग्रुपवर टाकला, 'आईबाबांची पार्टी'. तिथून तो भाच्याकडे गेला, भाच्याकडून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडे, आणि तिथून ज्यांना हवा होता त्यांच्याकडे. त्या वाडीत दुकानवाल्याच्या माणसांनी घरोघर दाखवला. खाली लिहिलं होतं, 'मास्तरांची उभी बाटली'.

येसूबाई आली ती एका दुपारी, न कळवता. ओटीवर बसली. ताईंनी कोकम सरबताचा ग्लास आणून तिच्यापुढे ठेवला. तिने हात लावला नाही. मोबाइल मास्तरांपुढे धरला.

"मास्तरानू, ह्यो फोटू तुमचाच ना?"

राजाभाऊंनी चष्मा लावून नीट पाहिला. "माझाच."

"आन् ह्यो गिलास?"

ताई दारात उभ्या होत्या.  आता आपण बोलायचं, एवढं एकच वाक्य, असं त्यांच्या मनात आलं. पण मग ते वाक्य वाडीत जाणार, वाडीतून आळीत, आळीतून हळदीकुंकवाला. 

राजाभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे ताईंना कळलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ग्लास माझ्यापुढे दिसतोय ना, येसूबाई? मग मी काय सांगू?"

येसूबाईने मोबाइल मागे घेतला. मग उठली. "आज सांजच्याला देवळात बाया जमनार हायत. तुमी येव नका. ज्यांनी सह्या केल्यान्, त्या बाया आता परत मागतायत." पायरी उतरताना तिने पदराने डोळे पुसले. सरबत तसंच राहिलं.

राजाभाऊंनी चष्मा पुसायला घेतला.  मग म्हणाले, "तुला विचारायचं राहूनच गेलं गं. चव तशीच होती का?"

ताईंना वाटलं, हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कळलीच नाही," त्या म्हणाल्या. "एकच घोट घेतला होता. मग ग्लास तुमच्यापुढे गेला. परत मागायची लाज वाटली."

"अरेरे," राजाभाऊ म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

ते 'अरेरे' ताईंना सोसवलं नाही. त्या घरातल्या चपलांवरच बाहेर पडल्या. आळीतून मालिनीताई धावत निघालेल्या कुणी कधी पाहिल्या नव्हत्या. दोन खिडक्या उघडल्यासुद्धा. येसूबाई एसटीच्या थांब्यावर एकटीच उभी होती.

"तो ग्लास माझा होता," ताई धापा टाकत म्हणाल्या. "मी रम पीत होते. हे थेंबालाही शिवत नाहीत. मोबाइल काढ तुझा. हा बघ इकडे कडेला हात. माझा आहे. ढकलतोय."

येसूबाईने फोटो बोटांनी मोठा केला. बांगड्या दिसल्या, ग्लासाला टेकलेली बोटं दिसली. तिने ताईंच्या हाताकडे पाहिलं.

"मंग मगाशी का नाय बोललाव?"

"लाज वाटली."

"आन् मास्तरांना नाय वाटली?"

 ताई भररस्त्यात उभ्या राहून रडल्या. येसूबाईने त्यांना गप्प केलं नाही, आणि ती दूरही सरकली नाही.

गाडी आली. येसूबाई चढली. ताईंनी दांडी धरली आणि त्याही मागोमाग चढल्या. हातात पैसे नव्हते, पिशवी नव्हती.

"कुटं निघालाव, वयनी?"

"देवळात. हेच तिथे सांगते, सगळ्या बायांपुढे."

"हसतील वो बाया."

"हसू देत."

येसूबाई खिडकीकडे सरकली आणि कंडक्टरला म्हणाली, "दोन हातखंबा."