उलटी एल्ब

अकरावीच्या वर्गाला मी अभिव्यक्तिवाद एकाच पद्धतीने शिकवते. प्रत्येकाने एक चित्र निवडायचे, दोन महिने त्याचा माग काढायचा आणि मग वर्गासमोर वीस मिनिटे बोलायचे. त्या वर्षी इल्का नोआकने गेर्विन टाउशरचे ‘पैलतीर’ निवडले, तेव्हा मला जरा काळजीच वाटली. पहिल्या सहामाहीत तिला पंधरापैकी तीनच गुण पडले होते. या सादरीकरणात ती दहाच्या आत राहिली, तर पुढच्या वर्षी तिला कला हा मुख्य विषय घेता येणार नव्हता. आणि दुसरे काही शिकायची तिची इच्छा नव्हती. त्यातून ‘पैलतीर’ हे एका अर्थाने माझे चित्र होते. एल्ब नदीवरचा इथला घाट, तराफा आणि चर्च दाखवणाऱ्या, १९१२ साली लाकडी ठशावरून छापलेल्या या चित्राविषयी गावातल्या संग्रहालयाने जी पुस्तिका काढली, ती माझ्या हातची.

आठवड्याभरात ती चित्रशाळेत आली. मी ब्रश धूत होते.

“बाई, नदी उलटी वाहतेय.”

“पुस्तिकेत आहे ते.”

“पुस्तिकेत चर्चचं आहे. नदीचं नाही.”

ते खरे होते. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहताना मला आढळले होते की चित्रातले चर्च घाटाच्या भलत्याच बाजूला आहे. श्रद्धा ढळलेल्या मनाने देवाचे घर जागेवरून ढकलले, असे मी लिहिले होते. त्या वाक्याचा मला थोडा अभिमानही होता.

“पाणी कुठून कुठे वाहतं हे चित्रात कसं दिसलं तुला?”

भर दुपारी दिवस आहे की रात्र असे विचारणाऱ्याकडे पाहावे, तसे तिने माझ्याकडे पाहिले. तिचे वडील क्लाइन-वेरडाच्या घाटावर तराफा चालवतात. त्याला इंजिन नाही. नदीपात्रात वरच्या अंगाला नांगरलेल्या लांब पोलादी दोराला तो बांधलेला असतो. तिरका धरला की प्रवाहच त्याला पलीकडे लोटतो.

“दोर जिकडे, तिकडून पाणी येतं. आमच्या धक्क्यावर उभं राहिलं की ते उजवीकडून येतं. टाउशरचा दोर डावीकडे आहे. पण तराफ्याचा कल त्या दोराला अगदी बरोबर जुळतो, बाई. माणूस बिथरलेला असता तर कुठंतरी गफलत झाली असती ना? एवढं अचूक कोण बिथरतं?”

“मग तुझं म्हणणं काय?”

“तेच तर कळत नाहीये.”

“मग शोध,” मी म्हणाले. माझा स्वर हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला.

त्यानंतरचे पाच आठवडे ती मला फक्त वर्गात दिसे. एकदा तिच्या अंगठ्याला पट्टी होती.

सादरीकरणाच्या दिवशी इतरांसारखे पडद्यावर काही न दाखवता तिने पिशवीतून एक फळी काढली. फळीवर धक्का, तराफा, दोर आणि चर्च कोरलेले होते.

“आमच्या धक्क्यावर बसून कोरलंय. समोर जसं दिसलं तसंच. आता पाहा.”

तिने फळीवर काळ्या शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने घासला. कागद सोलून वर धरला तेव्हा चर्च घाटाच्या दुसऱ्या बाजूला गेले होते आणि दोर डावीकडे आला होता. टाउशरचे चित्र शेजारीच टांगलेले होते. कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

लाकडावरचे कागदावर उलटे उमटते. पाचवीच्या मुलांकडून बटाट्याचे ठसे मारून घेताना हे मीच शिकवते. बारा वर्षांपूर्वी पुस्तिका लिहिताना मला बटाटा आठवला नव्हता; मी टाउशरच्या मनाचा ठाव घेण्यात गुंतले होते.

“मग त्याची सही सरळ कशी?” मागून बेनोने विचारले.

“ती पेन्सिलीची आहे. छापून झाल्यावर केलेली.”

“म्हणजे बाईंची पुस्तिका गेली एल्बमध्ये!”

वर्ग हसला. इल्काचे कान लाल झाले. तिने माझ्याकडे नव्हे, माझ्या हातातल्या गुणांच्या कागदाकडे पाहिले.

मला लागले, हे खरे. पण त्याहून जास्त वेळ मी एका प्रश्नापाशी अडकले होते, आणि तो मी विचारला. “टाउशर शिकलेला चित्रकार होता. आधी कागदावर काढून ते उलटं करून लाकडावर घ्यायचं, हे त्याला येत होतं. मग त्याने तसं का केलं नाही?”

“ते मीही करून पाहिलं. घरी, टेबलावर.” तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. त्यात नदी योग्य दिशेने वाहत होती आणि चित्र अगदी निर्जीव होते. “रेषा सुबक आल्या. पण तराफा हलतच नाही. घाटावर तो थांबत नाही ना, पाच मिनिटांत पलीकडे. मग फळी मांडीवर घेऊन हात चालेल तसं कोरायचं. अकरा फेऱ्या लागल्या मला. बाबा दर फेरीला ओरडायचे, ‘झालं की नाही, राणीसाहेब?’” तिने तो कागद टाउशरच्या चित्राशेजारी धरला. “टाउशरला माहीत असणार की उलटं होणार. चालेल म्हणाला असेल. तराफा हातचा सुटायला नको होता त्याला.”

बेनोनेच पहिल्यांदा, इकडच्या रीतीप्रमाणे टाळ्यांऐवजी, बाकावर बोटांची पेरे आपटली. मग सगळ्यांनी.

तास संपल्यावर ती फळी पुसत मागे रेंगाळली. “किती, बाई?”

“तेरा.”

“दोन कुठे गेले?”

“टाउशरची फळी कोणत्या लाकडाची होती, ते सांगितलं नाहीस.”

“ते कुठंच लिहिलेलं नाही!” मग ती थबकली. “पण लाकडाच्या शिरा छापात उतरल्यात. त्यावरून कळेल का?”

“मला नाही माहीत,” मी म्हणाले. पुस्तिकेविषयी संग्रहालयाला पत्र लिहायचे होतेच. मूळ छाप भिंगाखाली पाहू द्या, अशी विनंतीही त्यातच घालता येणार होती.

शनिवारी मी एक फळी आणि धारदार पटाशी घेऊन घाटावर गेले. इल्काच्या वडिलांनी तराफ्यावरूनच हाक मारली, “या बाई! नदी आज सरळच सोडलीय, तुमच्यासाठी!” आणि दोराला ताण देऊन ते निघाले. मी घाईघाईने फळी मांडीवर घेतली.