मागे मस्की, तोंडाला कुलूप

एल्रॉय सोबचॅकला सव्वीस वर्षं गळ टाकून एकही मस्की, म्हणजे तळ्यातला तो दांडगा शिकारी मासा, मिळाली नव्हती. दिसल्या मात्र बक्कळ. आमिषामागून थेट बोटीपर्यंत आलेल्या चाळीसेक तरी त्याने मोजल्या असतील. पण ते हातभर लांब जबड्याचं धूड पाण्यातून वर येताना दिसलं की ह्याची गाळण उडायची, हात आपोआप वर जायचा, आमिष पाण्याबाहेर यायचं आणि मस्की आपली शांतपणे खाली निघून जायची. बरं, चूक कुठे होते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याला शिकवायला बसला की ऐकत राहावं असा माणूस. स्वतःवर वेळ आली की सगळं ज्ञान पाण्यात.

त्यातून यंदा वसंतात त्याचे डोळे गेले. सगळे नाही, पण समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. तेव्हाच त्याने जाहीर करून टाकलं, की हा शेवटचा हंगाम. मिळाली तर मिळाली, नाहीतर बोट पुतण्याला, डुएनला देऊन टाकायची. पुढच्या शनिवारी हरणांची शिकार सुरू व्हायची होती, त्याच्या आत, म्हणजे उद्या रविवारीच, डुएन ट्रेलर घेऊन येणार होता.

आर्डिसला, त्याच्या बायकोला, बोटीचं काही कौतुक नव्हतं. तिला धास्ती होती ती स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीची. बोट गेली की हा त्या खुर्चीत बसणार आणि पुन्हा उठणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. थोरल्या दिराचं तिने तसंच झालेलं पाहिलं होतं. म्हणून तर सत्तराव्या वर्षी ती बोटीची छोटी मोटर चालवायला शिकली, आणि उन्हाळाभर त्याला लिटिल हॅचेट तळ्यावर फिरवत राहिली.

नशिबाच्या बाजूने एल्रॉयने काही बाकी ठेवलं नव्हतं. चंद्र उगवताना मासे खायला निघतात म्हणे, म्हणून चंद्र कधी उगवतो त्याचं कोष्टक फ्रिजवर लावलेलं, आज दुपारी दोन चाळीसला. बोटीत केळं नेणं अपशकुनी, हे इकडे शेंबडं पोरही जाणतं, पण ह्याने यंदा घरात केळ्याचा केकसुद्धा बंद केला. आर्डिसचं म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणायची, नशीब राहू दे बाजूला, आधी प्रत्येक फेकीला आठ काढ.

आठ म्हणजे इंग्रजी आठाचा आकडा. आमिष ओढत बोटीपाशी आणलं की उचलायचं नाही. गळाच्या काठीचं टोक पाण्यात खुपसायचं आणि आमिष बोटीच्या कडेने आठ काढत फिरवायचं, वळणं मोठी, वळणावर वेग जास्त. मागे आलेली मस्की बहुतेक तिथेच तोंड घालते. मासा दिसला तरच आठ काढायचा, असा एल्रॉयचा आळशी खाक्या. आर्डिसने त्याला पकडलं, की तुला आता दिसतच नाही, मग ठरवणार कशावरून? तो चिडला, दोन दिवस नीट बोलला नाही, पण तिसऱ्या दिवशी आठ काढायला लागला.

दुपारचे अडीच वाजले होते. तळ्याच्या काठाला बर्फाची पातळ साय धरली होती. हरणाच्या मांसाचं सॉसेज खाऊन झालं, थर्मासमधली कॉफी संपली. एल्रॉय फेकत होता, ओढत होता, आठ काढत होता, आणि मध्येमध्ये डुएनला बोटीची काळजी घेता येणार नाही म्हणून कुरकुरत होता. आर्डिस मोटरवर हात ठेवून पाण्याकडे बघत बसली होती.

तेवढ्यात आमिषामागचं पाणी काळं झालं.

आधी तिला वाटलं, ओंडका असेल. मग ओंडक्याला कल्ले दिसले, तपकिरी पट्टे दिसले, आणि आमिषापासून वीतभर मागे तो भलामोठा चपटा जबडा. अगं बाई गं! आर्डिसच्या छातीत असं धडधडायला लागलं की आता बोट हलेल. बोटीतला नियम एकच, ज्याला मासा मागे दिसेल त्याने ओरडून सांगायचं. सव्वीस वर्षं ती ओरडत आली होती, आणि तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं ओरडायची. तिने तोंड उघडलं.

आणि तसंच उघडं ठेवलं. कारण त्याच क्षणी तिला एल्रॉयचा हात दिसला. सैल, शांत, स्वतःच्या लयीत. ह्याला मासा दिसत नाही म्हणून हा घाबरलेला नाही. ह्याला दिसतो तेव्हा हात उडतो, आणि दिसत नसेल तेव्हा कोण दाखवतं? मीच की!

तिने ओठ दाताखाली घट्ट धरला.

एल्रॉयने टोक पाण्यात घातलं. पहिलं वळण. मस्की वळली, तीही मोठ्ठं वळण घेऊन. दुसरं वळण. ती बोटीखाली गेली, दिसेनाशी झाली. आर्डिसचा जीव नुसता टांगणीला. मग दुसऱ्या बाजूने ती पुन्हा वर आली, आधीपेक्षा जवळ. आणि नेमका तेव्हाच एल्रॉयने, दमला बिचारा, सुस्कारा टाकला आणि काठी उचलायला घेतली.

काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि माशाबद्दल तर चकार शब्द नाही.

"हा आठ होता?" आर्डिस फणकारली. "हे तर चुरगळलेलं शून्य झालं."

काठी थांबली. "काय म्हणालीस?"

"डुएन याहून बरा काढतो. तोही डाव्या हाताने."

"डुएन!" एल्रॉयचे कान लाल झाले. "त्याला मीच शिकवलंय. हा बघ. हा बघ आठ!"

आणि रागाच्या भरात त्याने टोक हातभर पाण्यात घालून असा काही आठ काढला, एवढा मोठा, वळणावर एवढा जोरात, की तसा त्याने जन्मात काढला नसेल. वळणाच्या बाहेरून मस्कीने झडप घातली. पांढरा जबडा उघडला, मिटला, आणि काठी टोकापासून मुठीपर्यंत वाकली.

मग काय विचारता! पाणी दोघांच्या तोंडावर. दोरा रिळावरून सुटतोय, तो दाबून धरणारा एल्रॉयचा अंगठा भाजतोय, तो काठी आडवी ओढून धरतोय. मस्की एकदा सबंध पाण्याबाहेर आली आणि डोकं झाडून आपटली, तेव्हा आर्डिसने डोळेच मिटून घेतले. उघडले तर अजून होती. मोठी जाळी पाण्यात बुडवून ती गुडघ्यांवर बसली. आता ती बोलत होती, हळू, सरळ आवाजात. डावीकडे आण. अजून. डोकं माझ्याकडे. आण. आणि डोकं आत आलं, मागोमाग ते सगळं लांबलचक अंग आलं, आणि तिने दोन्ही हातांनी जाळीची कड वर ओढली.

"आली," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मासा जाळीत, जाळी पाण्यातच. आर्डिसने लांब चिमट्याने गळ सोडवला आणि पट्टी लावली. एकावन्न इंच. एल्रॉय बाहीसकट हात पाण्यात घालून चाचपत होता. जबड्यापासून सुरुवात केली ती पाठीवरून शेपटीपर्यंत, आणि पुन्हा उलटी. मस्की मोजायची आणि सोडून द्यायची, ही इकडची रीत. मग शेपटीच्या मुळाशी धरून त्याने तिला जाळीबाहेर काढलं, पाण्यात सरळ धरून ठेवलं. मिनिटभराने तिने अंग झटकलं आणि ती गेली.

तो ओल्या हातांनी तसाच बसला. मग म्हणाला, "मी चिडलो तेव्हा ती मागे होती?"

"होती."

"कधीपासून?"

"आठ काढायला लागलास त्याच्याही आधीपासून."

"आणि तू सांगितलं नाहीस."

बोटीतल्या माणसापासून मासा लपवायचा, असं या मुलखात कुणी करत नाही. आता हा बोलेल, ओरडेल, असं आर्डिसला वाटलं. एल्रॉयच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. तो हसत होता, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत.

"म्हणजे सव्वीस वर्षं," तो म्हणाला, "तू ओरडायचीस आणि मी काठी उपसायचो."

"तसंच काहीसं."

"डुएनला फोन लाव. म्हणावं, ट्रेलर आणू नकोस."

तिने हातमोजा काढला, फोन लावला, सांगितलं. डुएन काय काय विचारत होता, त्याला ती रात्री सांगते म्हणाली. तोवर एल्रॉयने बोटांनी आमिषाचे गळ चाचपून बघितले, उठून उभा राहिला आणि फेकायला सज्ज झाला.

"पुन्हा एखादी मागे आली," आर्डिसने विचारलं, "तर सांगू?"

"मुळीच नाही," एल्रॉय म्हणाला. "भांड."