तुळशीराम कंडक्टरची शिट्टी

मी एक जुनी शिट्टी आहे. पितळेची. कधीकाळी माझ्यावर चांदीसारखा मुलामा होता, तो आता फक्त कडीपाशी उरला आहे. माझ्या पोटात बुचाची एक गोळी होती. ती झिजत झिजत मुगाच्या दाण्याएवढी झाली आणि एक दिवस कुठंतरी गळून पडली. त्यामुळे मित्रांनो, आता मला कितीही फुंकलं तरी नुसती हवा जाते. पण आवाज गेला म्हणून आठवणी जात नाहीत, आणि माझ्या आठवणी फार चांगल्या माणसांच्या आहेत.

मला कोणत्या गावी घडवलं ते मला ठाऊक नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात अकरा बहिणींबरोबर मी पांढुर्ण्याच्या बाजारात आले. एके सकाळी एका सडसडीत माणसानं आम्हा बाराही जणींना एकेक करून कानाशी हलवून पाहिलं आणि मला निवडलं. त्याला त्याच दिवशी पांढुर्णा-सौंसर या खाजगी बसगाडीवर कंडक्टरची नोकरी लागली होती. ते साल १९८० होतं. त्याचं नाव तुळशीराम. त्यानं मला काळ्या गोफात ओवून गळ्यात घातलं. मी त्याच्या शर्टाच्या खिशात, अगदी छातीला लागून राहू लागले. म्हणून त्याचं काळीज कधी धडधडतं, हे त्याच्या बायकोच्या, शकुंतलेच्याही आधी मला कळायचं.

ते पुष्कळदा धडधडायचं. गाडीत रोज साठ-सत्तर माणसं चढत. त्यातली बहुतेक साधी, भली. पण एखादा खिडकीतून पानाची पिचकारी मारी आणि ती मागच्या बाईच्या लुगड्यावर उडे. एखादा समोरच्या सीटवर पाय पसरून झोपे. गाडी उशिरा सुटली तर दोष तुळशीरामचा, रस्ता खराब तर दोष तुळशीरामचा, ऊन वाढलं तरी दोष त्याचाच. "ए कंडक्टर!" अशी हाक तर इतकी रोजची, की त्याला आईबापांनी ठेवलेलं एक नाव आहे हे कोणाच्या मनातही येत नसे.

राग आला की तुळशीराम मला दातांत धरी. तोंडात शिट्टी असली की माणसाला उलटून बोलता येत नाही! माझ्या दोन्ही बाजूंना बारीक खळगे आहेत ना, ते त्याच्या दातांचे आहेत. दुपारी सौंसरला गाडी लागली की तो आणि ड्रायव्हर भैय्याजी चहा घेत. भैय्याजी सकाळच्या भांडखोर प्रवाशाची अशी हुबेहूब नक्कल करी, की तुळशीराम पोट धरून हसे. हसता हसता सकाळचा अपमान कुठल्या कुठे जाई. एकदा भैय्याजीनं त्याला विचारलं, "तू येवढं ऐकून काहून घेते रे?"

तुळशीराम म्हणाला, "गाडीत चढला तो आपला पाहुणा. अन् कोणी घरून भांडून आला असन, कोणाचं दुखत असन. आपल्याले काय माहीत?"

त्याच्या खाकी पँटच्या खिशात संत्र्याच्या साली असत. कोणाला गाडी लागली, मळमळलं, की तो साल चुरडून हुंगायला देई. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या कामातही ते येत नव्हतं.

आता मी तुम्हाला त्या दिवसाची गोष्ट सांगते.

१९८४ सालचा हिवाळा होता. कापसाच्या वेचणीचे दिवस. पांढुर्ण्याला डोळ्यांचं शिबिर झालं होतं आणि ऑपरेशन झालेल्या सात म्हाताऱ्या माणसांना घरी जायचं होतं. सातही जणांच्या एकेका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्यानंही त्यांना धुरकटच दिसे. वाकायचं नाही, डोक्याला हिसका बसू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुळशीरामनं एकेकाचा हात धरून त्यांना पुढच्या सीटांवर बसवलं, कारण मागं दणके जास्त बसतात. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर त्यानं अंबाबाईला बसवलं. मोहगावच्या अलीकडच्या एका खेड्यातली ती शेतकरीण. एकटीच आली होती, कारण घरचे सगळे वेचणीत गुंतले होते. तिचा जीव घाबरा झालेला पाहून तुळशीरामनं तिच्या हातात संत्र्याची साल दिली.

"हुंगत राहा, माय. भैय्याजीले सांगतो, गाडी आज पाण्याचा हंडा घेतल्यासारखी हळू नेईन तो."

गाडी सुटायच्या बेतात असताना यशवंतराव चढले. कापसाच्या व्यवहारातले मोठे गृहस्थ. गाडीच्या मालकाकडे त्यांचं बसणं-उठणं होतं आणि ती पहिली सीट आपलीच आहे, असं ते धरून चालत.

"ए कंडक्टर, उठव त्या बाईले."

"साहेब, डोळ्याचं ऑपरेशन झालं तिचं. आजच्या दिवस मागं बसा ना जी."

"तू मले शिकवते? तुह्यासारख्यानं सांगावं मी कुठं बसू?"

'तुह्यासारख्यानं' या शब्दावर त्यांनी असा जोर दिला की सगळी गाडी काय ते समजली. तुळशीरामची छाती माझ्यावर हातोड्यासारखी आदळू लागली. त्यानं मला दातांत धरलं. ते पाहून यशवंतराव आणखी भडकले. "मी बोलून राहिलो अन् तू शिट्टी वाजवते?" म्हणत त्यांनी माझा गोफ पकडला आणि खसकन ओढला. गोफ तुटला. मी खाली पडले आणि घरंगळत सीटखाली गेले.

तिथून मला फक्त पाय दिसत होते. तुळशीरामचे पाय जागचे हलले नाहीत. आता तोंडात शिट्टी नव्हती, तरी त्याचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "साहेब, तुमच्यापुढं हात जोडतो. पण माय उठणार नाही."

गाडीत सत्तर माणसं होती. कोणी एक शब्द बोललं नाही. मित्रांनो, यशवंतरावांच्या शिव्यांपेक्षा ती शांतता मला जास्त लागली. शेवटी दुसऱ्या रांगेतले गुणवंता गुरुजी, सौंसरला शाळेत शिकवणारे, खाली मान घालून उठले आणि त्यांनी आपली जागा यशवंतरावांना दिली. गाडी सुटली.

वाटेत अंबाबाईच्या पायाला मी लागले. वाकायची बंदी, म्हणून तिनं पायाच्या बोटांनी मला वर ओढलं, चाचपलं आणि हरवू नये म्हणून पदराच्या गाठीत बांधलं. मी काय आहे ते तिला कळलंच नाही. अशी मी तुळशीरामची होते ती अंबाबाईच्या घरी गेले.

घरी तिची सून वत्सला हिनं गाठ सोडली. "आत्याबाई, हे त कंडक्टरची शिट्टी होय!"

नातवानं मला फुंकायला मागितलं, पण अंबाबाईनं दिलं नाही. "ज्याची हाय त्याले देऊ. वत्सला, तो पोरगा माह्यासाठी शिव्या खाऊन राहिला होता अन् मी मुकाट बसली. मले वाटलं, मी बोलली त हा माणूस मलेच उचलून फेकन."

दोन दिवसांनी, गुरुवारी, वत्सला मला परत द्यायला गाडीच्या थांब्यावर गेली. गाडीत दुसराच कंडक्टर होता. भैय्याजीनं सांगितलं, "तुळशीरामले मालकानं घरी बसवलं. तो दारू पिऊन होता, अशी तक्रार केली यशवंतरावांनी. शनिवारी सौंसरच्या ऑफिसात सगळ्यांसमोर पाय धरून माफी माग, नाही त तिकिटांची बॅग जमा कर, असं मालक म्हणते."

वत्सलेनं घरी येऊन हे सांगितलं. अंबाबाई ताडकन उठली. "दारू? त्याच्या हाताले संत्र्याच्या सालीचा वास होता! मी येवढी जवळ होती, मले नाही समजणार?"

"आत्याबाई, डॉक्टरनं फिराची बंदी केली ना जी."

"डोळ्याची बंदी केली. तोंडाची नाही."

त्या चार दिवसांत तुळशीरामच्या घरी काय चाललं होतं, ते मला पुढं शकुंतलेच्या बोलण्यातून कळलं. तो जेवत नव्हता. मुलगी इंदू नववीत होती आणि नोकरी गेली तर तिची शाळा सुटेल, ही भीती त्याला झोपू देत नव्हती. शुक्रवारी तो म्हणाला, "मागून टाकतो माफी. शब्दच त हाय." शकुंतला म्हणाली, "माफी मागा, मी अडवत नाही. पण कशाची मागता, तेवढं पोरीले समजावून सांगा."

शनिवार उजाडला. थांब्यावर गाडी आली आणि वत्सलेनं अंबाबाईला जपून वर चढवलं. मी पदराच्या सैल गाठीतून डोकावत होते. आत पाहते तो काय! पुढच्या सीटांवर आधीच चौघं जण बसलेले, चौघांच्याही डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या. भैय्याजीनं दोन दिवसांत थांब्याथांब्यावर निरोप पोचवला होता. पुढच्या दोन फाट्यांवर आणखी दोघं चढले. असे सातही झाले. आणि दुसऱ्या रांगेत गुणवंता गुरुजी बसले होते. ते रोजच येत. पण त्या दिवशी सौंसरला उतरल्यावर शाळेच्या वाटेनं न जाता ते म्हाताऱ्यांच्या मागोमाग चालू लागले.

ऑफिसात मालक भगवंतराव गादीवर, यशवंतराव खुर्चीत आणि तुळशीराम दाराशी उभा होता. सात म्हातारी माणसं एकमेकांचे खांदे धरून आत शिरली. भगवंतराव गडबडून उठले.

अंबाबाई म्हणाली, "यातला कंडक्टर कोणता? मले चेहरा दिसत नाही. एकडाव बोल, बापा."

"माय, तुम्ही काहून आल्या?" तुळशीराम म्हणाला.

"हाव, हाच आवाज." ती हात पुढं करत त्याच्याजवळ गेली, पदराची गाठ सोडली आणि मला त्याच्या तळहातावर ठेवलं. मग ती आवाजाच्या रोखानं मालकाकडे वळली. "भाऊ, त्या दिवशी मी याच्या हाताएवढ्या अंतरावर होती. दारूचा वास नव्हता. शिवी यानं दिली नाही, यानं खाल्ली. माफी मांगाची असन त मी मांगते, कारण सीटवर मी बसली होती."

बाकीचे सहाही जण आपापल्या परीनं तेच बोलले. भगवंतरावांनी घसा खाकरला. "पण माय, तुम्हाले त दिसत नव्हतं..."

तेव्हा दारातून गुरुजी बोलले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता. "मले दिसत होतं, भगवंतराव. त्या गाडीत डोळे धड असलेले आम्ही साठ जण होतो. सगळं पाहिलं अन् गप बसलो. शेवटी बोलाले हे सात जण आले. तुळशीराम, मले माफ कर."

नऊ ते पाच मुलांना शिकवणारा माणूस एका कंडक्टरपुढं हात जोडून उभा होता. मग यशवंतराव उठले, टोपी नीट केली आणि काही न बोलता निघून गेले. त्यांनी माफी मागितली नाही. तीही गोष्ट मी लपवत नाही.

भगवंतराव पुन्हा गादीवर बसले. मग म्हणाले, "उद्यापासून ये कामावर."

"येतो मालक. एकच मागणं हाय. पहिल्या सीटवर लिहून द्या, म्हाताऱ्या अन् आजारी माणसांसाठी."

पुढच्याच आठवड्यात रंगाऱ्यानं ती पाटी लिहिली. तुळशीरामनं मला नव्या गोफात ओवलं आणि कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी मी अशी वाजले, की भैय्याजी म्हणाला, "अरे, कान फाडते का आता!" यशवंतराव महिनाभरानं पुन्हा त्याच गाडीनं येऊ लागले. तुळशीराम त्यांना पूर्वीसारखंच "बसा साहेब" म्हणे. ते बोलत नसत. फक्त त्यांचं "ए" म्हणणं कायमचं थांबलं.

पुढं चार वर्षांनी माझी गोळी गळाली. तुळशीरामनं नवी शिट्टी घेतली आणि मला इंदूनं मागून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या कंपासपेटीत राहते. ती आता सौंसरच्या कॉलेजात जाते. परवा ती दुसऱ्याच एका गाडीत बसली होती. एक गृहस्थ नव्या कंडक्टरवर वाटेल तसे ओरडत होते आणि गाडी गप्प होती. इंदूनं कंपासपेटी घट्ट धरली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हळू बोला ना जी. त्यांची चूक नाही." मग मागून एक बाई म्हणाली, "पोरगी खरं सांगून राहिली." आणि मग आणखी कोणी, आणखी कोणी.

मित्रांनो, मला घडवणाऱ्याचे मी आभार मानते, की त्यानं मला खेळण्याच्या दुकानात नाही, तुळशीरामच्या गळ्यात धाडलं. आणि त्या सात म्हाताऱ्यांचे, आणि उशिरा का होईना, बोललेल्या गुरुजींचे. तुम्ही गाडीत बसाल तेव्हा तिकीट देणाऱ्याशी गोड बोला, हे तर तुमची आई तुम्हाला सांगेलच. मी त्यापुढचं सांगते. कोणी त्याचा पाणउतारा करत असेल तर खिडकीबाहेर पाहू नका. उभे राहा. पाय थरथरतील. इंदूचेही थरथरत होते.