दुसऱ्या अंकातली मेंढी

ऑडिशनच्या दिवशी शैलाला हसू आवरलं नाही, आणि तिथून सगळं सुरू झालं.

२००४ सालचा जानेवारी होता. इंग्लंडमध्ये रीडिंगला येऊन तिला तीन वर्षं झाली होती. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायची, नवरा सतीश सकाळी सातच्या ट्रेननं लंडनला बँकेत जायचा. लायब्ररीच्या नोटीसबोर्डवर हौशी मंडळींच्या नाटकाची जाहिरात दिसली, आणि कोरसमध्ये मागे उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ, असं म्हणून ती गेली होती.

नाटक व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, संगीत प्रहसन. लंडनला कंटाळलेले सरदार आणि त्यांच्या बायका रेशमी कपडे घालून, काठ्यांना रिबिनी बांधून खेड्यात मेंढपाळ व्हायला जातात. बासऱ्या वाजवतात, झऱ्याकाठी प्रेम करतात आणि कुणाच्याच पायाला चिखल लागत नाही. दुसऱ्या अंकात मात्र खरी मेंढपाळीण येते आणि एका भरधाव गाण्यात त्यांना मेंढरांचे झाडून सगळे रोग ऐकवते. ऑडिशनला तेच गाणं वाचायला दिलं होतं. आधीच्या चौघींची जीभ दुसऱ्याच ओळीत अडखळली. शैला कागद हातात घेऊन खुदखुदायलाच लागली.

"काय झालं?" पियानोवरून प्रश्न आला. तिथे गॅब्रिएला बसली होती. साठीची, पांढऱ्या केसांची, गळ्यात साखळीला चष्मा. दिग्दर्शन तिचं आणि पियानोची साथही तिचीच.

"सगळं खरं आहे हे," शैला म्हणाली. "फक्त खूर सडतात ते पावसाळ्यात. यांनी ते उन्हाळ्यात घातलेत."

"तुला काय माहीत?"

"माझे वडील दहिवडीला जनावरांचे डॉक्टर होते. आमच्या अंगणात रोज मेंढरं बांधलेली असायची."

गॅब्रिएला तिच्याकडे बघत राहिली. मग अडखळत, जपून ठेवलेली वस्तू फडताळातून काढावी तसं मराठीत म्हणाली, "दहिवडी कुठे, साताऱ्याकडे काय ग?"

शैलाच्या हातातला कागद खालीच पडला.

"माझी आई भायखळ्याची," गॅब्रिएला म्हणाली. "आम्ही ज्यू. मी सहा वर्षांची होते, तेव्हा इथे आलो. आई घरात मराठीच बोलायची." मग चष्मा नाकावर चढवून इंग्रजीत, "आता म्हणून दाखव. मध्ये श्वास घेतलास तर घरी जायचं."

शैलानं श्वास घेतला नाही.

पुढचे तीन महिने घरात दुसरा विषय नव्हता. कुकरच्या शिट्ट्यांवर, M4 हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये, ऑफिसच्या लिफ्टमध्ये ती गोचिड, जंत आणि पोटफुगी गात होती. सतीश म्हणायचा, "शेजारची बाई मला विचारत होती, तुमच्या मिसेस बऱ्या आहेत ना?" पण नाटक मंडळीला पडदा ओढायला माणूस हवा होता, तेव्हा "नुसती दोरीच ओढायची असेल तर येतो" म्हणत तोही आला.

मेंढी आणायची कल्पना गॅब्रिएलाची. "शंभर वर्षं लोकांनी कापसाच्या मेंढ्या पाहिल्या," ती म्हणाली. "शैलाबरोबर खरी मेंढी आत येऊ दे. रेशमी लोकांची कशी तारांबळ उडते बघा!" गावाबाहेरच्या एका फार्मवर लेन नावाचा म्हातारा शेतकरी होता. त्याची डचेस नावाची मेंढी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, शाळांच्या जत्रांना जाऊन माणसांना सरावलेली. यंदा ती गाभण नाही असं स्कॅनमध्ये निघालं होतं, म्हणून मोकळी होती.

प्रयोग एप्रिलमधल्या शनिवारी, दुपारी अडीचला. तीनशेच्या तीनशे तिकिटं संपलेली. दुपारी बाराला लेननं विंगेत गवत पसरून डचेसला आणून बांधलं. शैलानं सवयीनं वाकून खाली पाहिलं. कास ताठरली होती.

"लेन, ही व्यायला आलीय."

"छे, छे," लेन हसला. "स्कॅन रिकामा होता. खाऊन खाऊन सुटलीय ती."

शैला आणखी काही सांगणार, तेवढ्यात मेकअपला हाक आली.

पहिला अंक असा रंगला की काय सांगावं! सरदाराचं काम करणारा ब्रायन एरवी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. जांभळा मखमली झगा सावरत तो झऱ्याचं पाणी प्यायला वाकला आणि त्याची टोपी पाण्यात पडली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. मध्यंतरात कुणीतरी तक्रार केली, की लेनच्या ट्रेलरनं फाटक अडवलंय. लेन तो हलवायला गेला. दुसऱ्या अंकाचा पडदा सतीशनं ओढला तरी लेन परतला नव्हता.

रंगमंचावर सगळे सरदार 'खेड्यात किती शांती' गायला लागले. शैला आपल्या प्रवेशाची वाट बघत उभी होती. तिचे ओठ हलत होते.

"अगं शैला," सतीश कुजबुजला. "ही मेंढी काहीतरी विचित्र करतेय."

डचेस गवत उकरत होती. बसली, उठली, पुन्हा बसली आणि मान वर करून कण्हली. शैला मागे जाऊन गुडघ्यावर बसली. बाहेर एक काळं नाक दिसत होतं आणि एक खूर. एकच. दुसरा पाय आत मागे दुमडलेला होता.

"अडलीय," ती म्हणाली. "सतीश, मेकअपच्या टेबलावरचा कोल्डक्रीमचा मोठा डबा आण. पळ!"

"तू करणार? आपली मेंढी नाहीये ती!"

"लेन येईपर्यंत कोकरू जायचं. पळ ना!"

तो पळाला. शैलानं बांगड्या काढल्या, बाह्या खांद्यापर्यंत सरकवल्या, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि कोपरापर्यंत कोल्डक्रीम फासलं. सतीशनं आयुष्यात मांजरापेक्षा मोठं जनावर हाताळलं नव्हतं. तो आता डचेसचं डोकं मांडीत धरून "शांत हो बाई, शांत हो" म्हणत होता.

शैला बारा वर्षांची असताना वडिलांनी तिच्याकडून हे दोनदा करून घेतलं होतं, कारण त्यांचा पंजा मोठा होता आणि तिचा लहान. डोळे मिटून हातानं बघायचं, असं त्यांनी शिकवलं होतं. तिनं डोळे मिटले. कोकराचं डोकं हलकेच आत ढकललं. डचेसला कळ आली आणि शैलाचं मनगट चरकात सापडल्यासारखं आवळलं गेलं. ती थांबली. कळ ओसरली तशी बोटं पुढे गेली. मान, खांदा, मग गुडघा.

रंगमंचावर गाण्याचं शेवटचं कडवं सुरू झालं होतं.

"सतीश, त्यांना थांबव! नाही, थांबवू नको, चालू ठेव!"

सतीशनं एका हातानं मेंढी धरली आणि दुसरा हात विंगेबाहेर काढून ब्रायनला गोल गोल फिरवून दाखवला. पुन्हा, पुन्हा! ब्रायननं आत डोकावलं. काय दिसलं ते त्याला कळायला दोन क्षण लागले. मग तो वळला, झगा फडकावला आणि ओरडला, "मित्रांनो, ही शांती एकदा गाऊन भागायची नाही!"

पियानो पुन्हा सुरू झाला. प्रेक्षक हसले. तिसऱ्या वेळी ते टाळ्यांनी ठेका धरायला लागले. चौथ्या वेळी अख्खा हॉल सरदारांबरोबर गात होता. आणि आत गवतावर शैलानं तो इवलासा खूर तळहातात झाकून घेतला, कुठे लागू नये असा, आणि हळूहळू पुढे आणला. पुढच्या कळेला तिनं ओढलं. कोकरू सळकन तिच्या झग्यावर येऊन पडलं.

ते हलत नव्हतं.

तिनं नाक पुसलं, तोंडातला चिकटा बोटानं काढला, गवतानं बरगड्या चोळल्या. काही नाही. "झगा!" ती ओरडली. ब्रायननं गाता गाताच मखमली झगा विंगेत भिरकावला. तिनं त्यात कोकराला गुंडाळून खसाखसा पुसलं आणि गवताची काडी नाकपुडीत फिरवली. कोकरू शिंकलं. पुन्हा शिंकलं. मग त्यानं मान झाडली.

"जिवंत आहे?" सतीशचा आवाज फाटला होता.

"जिवंत आहे! आता बघ हिच्याकडे, माझं गाणं आलं!"

ती धावतच रंगमंचावर गेली. केस सुटलेले, हात कोपरापर्यंत लाल आणि ओले. रेशमी सरदार-सरदारणी खरोखरच मागे सरल्या. गॅब्रिएलाची बोटं पियानोवर अधांतरी राहिली आणि अस्सल मराठीत ती खालून ओरडली, "काय झालं ग?"

"मेंढी व्याली!"

तीनशे माणसांत ते दोघींनाच कळलं. गॅब्रिएला डोकं मागे टाकून मोठ्यांदा हसली आणि तालमीत कधीच वाजवलं नव्हतं अशा वेगानं तिनं गाणं सुरू केलं. शैला त्या वेगावर स्वार झाली. गोचिड, जंत, सडके खूर, अडलेलं कोकरू, सगळं तिच्या तोंडून गोळीबारासारखं सुटत होतं, आणि ती हात पुढे करकरून सरदारांना दाखवत होती. लोकांना वाटलं, रंग लावलाय. वाः, काय मेकअप!

शेवटच्या कडव्याआधी विंगेतून बारीक, चिरका आवाज आला. "बें!" पाठोपाठ दुसरा, वेगळाच. शैलानं मान वळवली. परतलेला लेन विंगेत गुडघ्यावर बसला होता आणि दोन बोटं वर करून दाखवत होता.

जुळी! ती शब्द विसरली. पियानो थांबला.

"माफ करा," ती प्रेक्षकांना म्हणाली. "आत्ता, इथेच मागे, एक मेंढी व्यालीय. दोन कोकरं. दोन्ही जिवंत आहेत."

क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही. मग लेन उभा राहिला आणि दोन्ही काखांत एकेक ओलं कोकरू घेऊन रंगमंचाच्या कडेला आला. अशी काही आरोळी उठली की दिवे हलले म्हणतात. टाळ्या थांबायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. त्यानंतर शैलानं शेवटचं कडवं गायलं, तेही श्वास न घेता.

प्रयोग संपल्यावर मागच्या दारापाशी ट्रेलरभोवती मुलांची झुंबड उडाली. गॅब्रिएला कठड्याला रेलून कोकरांकडे बघत होती. "आई एक शब्द म्हणायची," ती म्हणाली. "मला लाडानं. को... काय ग?"

"कोकरू."

"कोकरू," ती पुटपुटली आणि कठड्यातून हात आत घालून एकाचं कपाळ कुरवाळू लागली.

लेननं ट्रेलरचं दार लावलं. तो शैलाकडे आला, टोपी काढली आणि तिच्या हातांकडे बघून म्हणाला, "मी तुझं ऐकायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे अजून साठ व्यायच्यात. माझे हात आता थरथरतात. पहाटे पाचला येशील?"

शैलानं सतीशकडे पाहिलं. त्याच्या चांगल्या पँटला गवत चिकटलेलं होतं आणि तोंडावरचं हसू मावळत नव्हतं.

"लेन," सतीश म्हणाला, "तुमच्याकडे नऊ नंबरचे गमबूट आहेत का?"