गोलकीपरच्या जागी

अकरा वर्षांत मी सात संघांकडून खेळलो आणि सातही संघांनी मला तोंडावर न सांगता काढलं. माजिवड्याची कंपनी, मानपाड्याची कंपनी, कल्याणची मंडळं, सगळीकडे एकच तऱ्हा. बोर्डावरच्या यादीत नाव नसलं की समजायचं, नाथा, बूट उचल. खेळाडू म्हणून मी बरा होतो, म्हणजे दुसरा कोणी आजारी पडला की आठवण यावी इतपत. तरी कुणाला शिव्या घालणार नाही. ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या पोराला फुटबॉलने बारा गावचं पाणी पाजलं, ते उपकार विसरलो तर मी नतद्रष्ट.

१९९१ साली गुडघा गेला आणि कोळीवाड्यातल्या आमच्याच मंडळाने मला मॅनेजर केलं. "या साली पहिल्या गटातून खाली गेलो, तर टीम बंद. कॅरम लावू," अध्यक्ष परशुरामकाकांनी बजावलं.

मी शिस्त आणली. सोमवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी पाचच्या ठोक्याला सराव. आमचा गोलकीपर सहदेव एक आठवडा यायचा, दुसऱ्या आठवड्यात गायब. माझं डोकं फिरलं. बोर्डावरच्या यादीतून त्याचं नाव उडवलं. पुढच्या दोन मॅचमध्ये आम्ही नऊ गोल खाल्ले. आता उरली कल्याणची शेवटची मॅच. ती जिंकली तरच टीम राहणार होती.

त्या आठवड्यात सहदेवच्या आईने, चंद्रभागेने, मला मासळीबाजारात गाठलं. टोपली खाली ठेवून सगळ्यांदेखत म्हणाली, "भांगाला माझा पोर येतो का नाय? उधाणाला कसा येल? बाप गेल्यापासून जाल्यावर तोच हाय. कोल्याच्या पोटी जन्मलास नि पानी इसरलास?"

भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, जाळी सुकत पडतात. एकादशीपासून उधाण लागलं की चतुर्थीपर्यंत खाडीवर जावंच लागतं. हे मी आईच्या दुधाबरोबर शिकलेलो, पण कंपन्यांच्या भोंग्यावर चालून चालून अक्कल गहाण पडली होती. आणि मी त्या पोराशी वागलो कसा? सात संघ माझ्याशी वागले तसाच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच त्याच्या दारात गेलो. "सहदेव, चुकलो रे. रविवारी खेळशील?"

"रविवारी द्वादशी, दादा. साडेचारला जाला उचलायचा. होडीवर धोंडीबामामा एकटा काय करल?"

"मी जातो मामाबरोबर."

तो हसला. "तू मॅनेजर ना?"

"मॅनेजरला गोल अडवायचे नसतात," मी म्हणालो.

रविवारी ज्या दोघांना बसवायचं होतं, त्यांना आधी बाजूला घेऊन तोंडावर सांगितलं. मग यादी कॅप्टन उत्तमच्या हातात दिली, टेम्पो कल्याणला निघाला आणि मी होडीत चढलो. तिकडे शिट्टी वाजली असेल तेव्हा इकडे मी दोर ओढत होतो. दोर दोनदा पायाने दाबायला गेलो तर मामा खेकसला, "बॉल नाय तो! हातान धर!" तळहात सोलून निघाले. जीव सगळा कल्याणला. आमची टीम शेवटची खेळत होती की काय, तेही मला दिसणार नव्हतं.

भरती धरून दिवेलागणीला आम्ही बंदरावर आलो. काठावर अख्खी टीम उभी होती. मी होडीतूनच ओरडलो, "किती?"

"आधी जाल्याचा सांग!" सहदेव.

"तीन पाट्या!"

"एक-शून्य!"

"कुणाचा एक?"

"आपला रे, दादा!"

मी होडीत मटकन बसलो आणि रडलो. सात संघांपैकी एकाने जरी मला ठेवून घेतलं असतं, तरी हा दिवस माझ्या वाट्याला आला नसता. त्या सगळ्यांचं भलं होवो.

सहदेव कमरेइतक्या पाण्यात उतरला. माझ्या हातातला दोर घेतला, तळव्यांकडे बघितलं.

"पुढचा सराव कधी ठेवू?" मी विचारलं.

त्याने बोटांवर तिथी मोजल्या. "पंचमीला, सकाली सातला. समदे येतील. तू येलेवर ये."