आधी वळू पाहा

"गाय फळूनच नाई राह्यली, नत्थूभाऊ. बाजारात काढतो," हिरालाल म्हणाला.

"गाईले काऊन नावं ठेवतं? आधी वळू पाहा. दोष वळूत असन. माह्याकडं आन. माह्या वळूची नुसती सावली पडली तरी गाय गाभण राह्यते."

वडनेरात वळू बाळगणारे दोघं-तिघं होते. थापा मारणारा नत्थू एकटाच. हिरालाल हसत गेला. आत नत्थूच्या बायकोचं, धुरपताचं सूप मात्र थांबलं.

"गाईचा न्याय मले काऊन नाई लावला?" ती म्हणाली.

नत्थू तंबाखू मळायचा राहिला. तरुणपणी मूल होईना म्हणून धुरपता नवस बोलायला गिरडचा डोंगर चढली होती, वैदूचे कडू काढे प्याली होती, शेवटी वर्ध्याच्या दवाखान्यात तपासूनही आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्यात दोष दिसत नाही. आता तुमचं वीर्य तपासू."

"मी का वळू हाओ?" म्हणून नत्थू तिथून जो उठला, तो गावात सांगत सुटला, की असा गडी पाहून डॉक्टरीण खुर्चीवरून उठून उभी राहिली. गाव हसलं. वांझ हे नाव धुरपताला चिकटलं ते चिकटलंच.

आता तिचे केस पिकत चालले होते. नत्थू कुणाला न सांगता मोटारीनं वर्ध्याला गेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याचं वीर्य सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि विचारलं, "वयात आल्यावर गालफुगी झाली होती? खाली वृषणांत सूज उतरली होती?"

"मोसंब्याएवढी, साहेब." मोसंब्याचं टरबूज करणं त्याला त्या दिवशी जमलं नाही.

"तेव्हाच झालं ते. बीजच उरलं नाही. यावर औषध नाही."

घरी आल्यावर त्यानं धुरपताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले काय सांगता? गावाले सांगा."

संध्याकाळी नत्थू पारावर उभा राहिला. "धुरपतात खोट नाई. खोट माह्यात हाय."

सगळे पोट धरून हसले. बंडूजीनं डोळे पुसले. "मांगच्या साली तुया वळूनं आगगाडी थांबवली, अन् आता हे."

नत्थूनं शपथ घेतली. हसू आणखी वाढलं.

हिरालालची गाय मात्र नत्थूच्या वळूपासून गाभण राहिली. सुनेच्या डोहाळजेवणाचं बोलावणं करायला निघालेली हिरालालची बायको कौशल्याबाई नत्थूच्या अंगणात थांबली. वळूच्या कपाळाला तिनं कुंकू लावलं आणि दारात उभ्या धुरपताला टाळून पुढच्या घरी गेली.

नत्थूला एक थाप सुचेना.

धुरपतानं पदर सारखा केला आणि वळूपुढं वैरण टाकली.